पागोळ्यांखालचा चर

निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. घरात ती एकटी. छपराला पन्हळ नव्हती, त्यामुळे पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडायचं आणि स्वयंपाकघरात ओल चढायची. पाऊस झाला की परगावच्या मुलाचा फोन ठरलेला. “आई, भिंत कशी आहे?” मग ओल फरशीपासून किती वीत चढली, पोपडे कुठे धरले, हे ती रंगवून सांगायची.

शेवटी तिने बोलावलेला गवंडी म्हणाला, “पन्हळीचा खटाटोप कशाला? पागोळ्या पडतात तिथे चर खणून खडी भरा, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या.”

सिस्टरने आठवडाभर कंबर मोडेस्तोवर स्वतःच खणलं. पुढच्या पावसात भिंत ठणठणीत कोरडी राहिली.

“सुटलो बाबा एकदाचे!” मुलगा म्हणाला.

त्यानंतर दोनदा धो धो पाऊस झाला, पण फोन आला नाही. तिसऱ्या वेळी तिनेच लावला.

“काय गं, ओल आली?”

“नाही रे. सहज केला.”

“बरं, बोल की मग.”

भिंतीशिवाय काय बोलावं, ते तिला पटकन सुचेना.