देवीकडे पाय

माझं शिक्षण पुण्याच्या कॉलेजात झालं त्याहून जास्त चौकात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर झालं. आठ पानी, खरखरीत कागदाची, शाई बोटांना लागणारी ती पत्रकं मी शाळेपासून जमवत होतो. सोवळं-ओवळं, नवससायास, संस्थानिकांचे थाट, खेड्यातल्या माणसाची लाचारी, सगळ्यांवर त्यांत कोरडे ओढलेले असत. पुढे मीच ती लिहू लागलो. डोळ्यांचा डॉक्टर होऊन पहिल्यांदा भोर-वेल्ह्याकडे निघालो तेव्हा शस्त्रांच्या पेटीशेजारी माझ्या पत्रकांचा एक गठ्ठा होता. त्यात एक पान डोळ्यांच्या निगेबद्दल होतं आणि उरलेली सात खुळ्या समजुतींबद्दल.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा होता तो. मी ज्या रुग्णालयात उमेदवारी करत होतो, तिथून दर वर्षी या भागात फिरता दवाखाना जाई. एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि तीन आठवडे. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत इथल्या माणसाने आंधळं व्हायचं नाही, अशीच जणू व्यवस्था होती. मला त्या व्यवस्थेचा राग होता, आजही आहे. दृष्टी ही कुणी दानात घालायची वस्तू नव्हे.

भोरला पहिले काही दिवस नुसते डोळे तपासण्यात गेले. चुलीच्या धुराने लाल झालेले बायकांचे डोळे, खुपऱ्यांनी आतून खरवडलेल्या पापण्या, बाभळीच्या काट्याने फुटलेली बुबुळं. किकवीकडचा एक शेतकरी बैलगाडी स्वतः हाकत आला होता. तपासलं तर त्याला माझ्या हाताची बोटंही मोजता येईनात.

"अहो, मग गाडी कशी हाकलीत?" मी विचारलं.

"बैलं बघत्यात की," तो शांतपणे म्हणाला. "दोगांना मिळून चार डोळं हायेत. मला कशाला?"

मी हसलो आणि लगेच स्वतःवर चिडलो. ज्या गोष्टीवर रान पेटवायला हवं, तिच्यावर ही माणसं विनोद करतात, असं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं.

भोरचं काम आटोपून आम्ही सर्व्हिस मोटारीने कापूरहोळला आणि पुढे बैलगाडीने मार्गासनीला आलो. शाळेची एक लांब खोली मिळाली. तिला पूर्वेला मोठी खिडकी होती. कंपाउंडर पन्नाशीचा, कमी बोलणारा. या दवाखान्याबरोबर त्याने अनेक डॉक्टर फिरवले होते. त्याने जमिनीवर भाताचा पेंढा पसरून त्यावर घोंगड्या टाकल्या आणि विचारलं, "डॉक्टर, डोकी कुठल्या बाजूला घेऊ?"

"खिडकीकडे. सकाळी पट्ट्या बदलताना उजेड थेट डोळ्यांवर पडेल."

तो क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार होता. मग गुमान घोंगड्या सारख्या करू लागला.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेव्हा आताइतकी सोपी नव्हती. कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करायचा, पातळ सुरीने बुबुळाची कड कापायची आणि पिकलेला मोतीबिंदू बाहेर काढायचा. जखमेला टाका नाही. ती आपोआप मिटायची. म्हणून खरी परीक्षा नंतरच्या दहा दिवसांची. दोन्ही डोळे बांधून रोग्याने उताणं पडून राहायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उठायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचंसुद्धा जपून. पातळ पेज दुसऱ्याने भरवायची. जखमेवर ताण आला की आतला सगळा डोळा बाहेर यायची भीती.

दुसऱ्या दिवशी वरच्या माळावरच्या वाडीतून एक म्हातारा धनगर आला. धनगर म्हटलं की मेंढ्या असा माझा शहरी समज. याच्याकडे म्हशी होत्या आणि थोड्या शेरड्या. सहा वर्षांपासून दिसत नव्हतं. एक डोळा काट्याने कायमचा गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू. सून हाताला धरून त्याला घेऊन आली होती.

"कशासाठी पाहिजे डोळा, बाबा?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारायचो. उत्तरं वहीत लिहायचो.

"वाडीवरनं खाली यायची वाट हाय, डागतर. कड्याच्या अंगानं. म्या पंचवीस वरसं त्या वाटंनं लोणी खाली आणलं. आता पोरीच्या खांद्यावर हात ठिवून येतो. तिचा पाय घसरला तर दोगंबी जाऊ. तवा म्या ठरवलंय, ह्यो डोळा आला तर ठीक, न्हाईतर पुन्यांदा खाली उतरायचं न्हाई. वरच ऱ्हायचं, मरंपातूर."

"आन् वर बसून माजं डोकं खायचं," सून म्हणाली. "डागतर, तेवढ्यासाटी तरी करा."

म्हातारा खुदकन हसला. त्या दोघांचं असं चालायचं.

कंपाउंडर म्हाताऱ्याला डोळा धुवायला विहिरीवर घेऊन गेला. मी सुनेला त्याची जागा दाखवली तशी ती थबकली. खोलीभर नजर फिरवून माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सायेब, पाय देवीकडं येत्यात."

गावाच्या पश्चिमेला देवीचं देऊळ होतं. खिडकीकडे डोकी म्हणजे सगळे पाय तिकडे. "मामंजी जल्मात तिच्याकडं पाय करून निजलं न्हाईत. त्येंचं अंथरूण तेवढं फिरवा."

मी तिला उत्तर दिलं नाही, भाषण दिलं. देव दगडात राहत नाही, असलाच तर चारी दिशांना असला पाहिजे, मग माणसाने पाय करायचे कुठे? इथे शास्त्र चालतं, देवीचा कायदा चालत नाही. एकाला सूट दिली की उद्या कुणी दक्षिणेकडे डोकं नको म्हणेल. तोपर्यंत सगळी खोली ऐकू लागली होती. शेवटी मी तिच्या हातात माझं पत्रक दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्याची घडी घालून कनवटीला खोचली आणि म्हणाली, "बरं सायेब. तुमी शिकल्यालं."

तिने सासऱ्याला काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. "मामंजी, डोकं देवीकडं हाय, निवांत पडा."

शस्त्रक्रिया छान झाली. मोतीबिंदू अख्खा निघाला, जखम सुरेख बसली. पहिले दोन दिवस म्हातारा लाकडासारखा पडून होता. सून पेज भरवी, वाडीवरच्या म्हशींची काल्पनिक गाऱ्हाणी सांगे, आणि तो ओठ न हलवता हसायचा प्रयत्न करी.

तिसरा दिवस मंगळवार, देवीचा वार. दुपारी मी आणि कंपाउंडर ओसरीवर भाकरी खात होतो. सून विहिरीवर गेली होती. नैवेद्याच्या वेळी देवळात नगारा वाजू लागला.

जेवून आत आलो आणि दारातच थांबलो. रांगेत पंधरा-वीस डोकी खिडकीकडे होती. त्यांच्यामध्ये दोन भेगाळलेली पावलं.

म्हातारा फिरून निजला होता. बाकी सगळं माझ्या सूचनेबरहुकूम. उताणा, मान सरळ, हात छातीवर. वाळूच्या दोन्ही पिशव्याही त्याने चाचपून बरोबर नेल्या होत्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना नीट लावल्या होत्या.

"बाबा!" मी ओरडलो. "काय केलंत हे?"

"मान न्हाई हालवली, डागतर," तो घाईघाईने म्हणाला. "उटून बसलो, मान तशीच धरली, फिरलो आन् निजलो. तुमी सांगितल्यालं सगळं केलं. नगारा पायाकडनं वाजायला लागला, तवा कळलं. पोरीनं दिशा चुकवली. तिला बोलू नका. तिला हितलं काय ठावं?"

मी पट्टी सोडली. जखम उघडली होती आणि डोळ्यातला काळा पडदा तीतून बाहेर डोकावत होता, मोहरीच्या दाण्याएवढा. सून घागर घेऊन आली ती तशीच दारात उभी राहिली. तिने एकदा सासऱ्याच्या पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर सोपं गेलं असतं.

"म्या खोटं बोलले," एवढंच ती म्हणाली.

खोटं मीही बोललो होतो. शास्त्राच्या नावावर. खिडकीकडे डोकं ठेवावं असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. माझ्या सोयीसाठी ते मी ठरवलं होतं आणि कुणी विचारलं तेव्हा त्याला शास्त्र म्हणालो होतो. भटाने आपल्या सोयीला धर्म म्हटलं की मी त्याच्यावर पत्रक काढत असे.

बाहेर आलेला पडद्याचा तुकडा मी कापला, उरलेला आत सारला, औषध घालून डोळा पुन्हा बांधला. आता तो वाचेल की सडेल ते आठवड्याने कळणार होतं.

मग कंपाउंडरला म्हणालो, "सगळी फिरवू या."

"सगळी?"

"तेव्हा तुम्ही काही बोलणार होतात. का बोलला नाहीत?"

"तुमच्या आधीच्या डॉक्टरांना बोललो होतो," तो म्हणाला. "तेही तरुण होते."

संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत होतो. एकेका रोग्याला घोंगडीसकट चौघा नातेवाइकांनी उचलायचं, मी दोन्ही हातांनी डोकं धरायचं, धक्का न लावता फिरवायचं. पाय खिडकीकडे होताच एक म्हातारी म्हणाली, "आता झोप येईल गं बाई." म्हणजे तीन दिवस ती झोपली नव्हती, आणि मला कुणीच सांगितलं नव्हतं. इतरांनीही उसासे सोडले. माझं भाषण त्या सगळ्यांनी निमूट ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाची अडचण आलीच. कंपाउंडरने आपला दाढीचा आरसा आणला, खिडकीतलं ऊन त्यात धरलं आणि नेमकं डोळ्यावर पाडलं. खिडकीच्या उजेडाहून ते चांगलं पडत होतं.

तो आठवडा मी फार वाईट काढला. म्हाताऱ्याला ताप येतो का म्हणून दिवसातून दहा वेळा कपाळाला हात लावायचो. तो म्हणायचा, "डागतर, म्हस व्यायला झाली की मालक असाच येरझाऱ्या घालतो." सून मात्र गप्प झाली होती. म्हशींची गाऱ्हाणी बंद पडली होती.

शेवटी पट्टी काढली. डोळा सडला नव्हता. बाहुली गोल राहिली नव्हती, वर ओढली गेली होती, किल्लीच्या भोकासारखी. जाड भिंगाचा चष्मा त्याला चढवून मी बोटं दाखवली.

"दोन," तो म्हणाला. मी मागे सरकलो. "तीन. आन् अंगठा." आणखी मागे गेलो तेव्हा मात्र त्याला मोजता येईना.

जखम उघडली नसती तर त्याला दारापलीकडचं झाडही दिसलं असतं. ते मी त्याला तसंच सांगितलं. निम्मा डोळा माझ्या हट्टाने गेला, असं स्पष्ट सांगितलं.

"वाट दिसंल का?" त्याने विचारलं.

"दिवसाउजेडी दिसेल. सावकाश उतरलात तर."

"मग झालं की. अंधारात कोन उतरतंय?"

मग त्याने मान वळवली. सून भिंतीशी उभी होती. या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा त्याची नजर गेलेलीच होती. इतकी वर्षं ती त्याच्यापुढे बसली, बोलली, भांडली, हाताला धरून कड्यावरून चालली, कारण पाहायला तो नव्हताच. आता तो भिंगातून तिच्याकडे पाहत होता, आणि तिने एकदम पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, पाठ अर्धी वळवली आणि गप्प उभी राहिली. सासऱ्यासमोर सुनेने उभं राहायचं तशी.

माझ्या जिभेवर आलं होतं. स्त्रियांच्या पदरावर मी एक अख्खं पत्रक लिहिलेलं होतं. मी ओठ मिटून घेतले, म्हाताऱ्याचा चष्मा काढला आणि भिंग पुसू लागलो.

म्हातारा म्हणाला, "पोरी, आता वाटंनं पुढं कोन चालायचं?"

"तुमी," ती पदरातून म्हणाली. "म्या मागनं येते."

"मागं ऱ्हाऊन बोलशील तर खरं?"

पदर थोडा हलला. म्हाताऱ्याने माझ्याकडे हात पुढे केला आणि चष्मा परत मागितला.