उंबऱ्यावरचं नाव

आमच्या ख्रिस्ती लोकांत हल्ली प्रभूचं नाव फार स्वस्त झालंय. फोन उचलला की प्रभू, रिक्षा मिळाली की प्रभू, भाजीत मीठ बरोबर पडलं तरी प्रभू. मला हे आवडत नाही. कोणाला राग आला तर येऊ द्या. मी चौथीपर्यंत शिकलेला गवंडी आहे, मला गोड बोलता येत नाही. पण देवाचं नाव कसं घ्यावं हे मी कोणा पाळकाकडून शिकलो नाही, बायकोकडून शिकलो. तेही लग्नाच्याच दिवशी, घराच्या दारात.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. ती फैजपूरकडची, मिशनच्या होस्टेलात सातवीपर्यंत शिकलेली. मी धुळ्याचा. मला आई नव्हती. माझी आत्या सोनगीरला, पितळी भांड्यांच्या गावी दिलेली, पण लवकर विधवा झाली आणि एक पितळी परात घेऊन आमच्याकडे आली. मला तिनंच वाढवलं. घरात तिचा शब्द शेवटचा.

आत्याच्या तोंडी येशूचं नाव सारखं असायचं. मिरच्या सांडल्या, "येशूबाबा!" बकरी सुटली, "येशूबाबा!" कोथिंबीर घेताना भाजीवालीला येशूची शपथ. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्हा सगळ्यांचंच तसं होतं.

सकाळी फैजपूरला लग्न लागलं. साक्षीदार म्हणून आत्याचा अंगठा घ्यायचा होता. पाळकसाहेबांनी तिला तिच्या मालकांचं नाव विचारलं. आत्यानं पदर तोंडाला लावला आणि मला कोपरानं ढोसलं. नवऱ्याचं नाव बाईनं कसं घ्यायचं? तो मरून किती वर्षं झाली होती, तरी नाही. मग मी सांगितलं. नवरी खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही.

एस.टी.नं जळगाव करून धुळ्याला पोचेपर्यंत दिवस कलला. आमच्या चाळीतल्या बाया दारात जमल्याच होत्या. आत्या आत शिरली आणि परातीत पाणी घेऊन उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"पोरी, नाव ले. मंग पाय घरमा ठेव."

आमच्यात नवऱ्या मुलीला दारात उखाणा घ्यावा लागे, आणि तो ठरलेला असे. आत्यानंच तो बसवला होता. चाळीतली प्रत्येक सून तोच म्हणत घरात आली होती. आत्यानं तो म्हणून दाखवला: "पुरणाची पोळी तुपात न्हाली, येशूच्या कृपेनं मी अमक्याची झाली." बाया हसल्या, टाळ्या वाजल्या.

नवरीनं मान वर केली नाही.

"लाजते गं!"

"लाजत नाही, होस्टेलची मडम आहे ती. इंग्रजीत घेईल."

मग ती बोलली. आवाज हळू होता, पण शेवटच्या बाईपर्यंत गेला. "आत्याबाई, ह्यांचं नाव घेते. पण प्रभूचं नाव उखाण्यात नाही घेणार."

"का वं? येशू काय तुना एकलीना शे? आम्हना बठ्ठासना शे!"

"सगळ्यांचा आहे, म्हणूनच. आमच्याकडे प्रभूचं नाव घ्यायच्या आधी बाबा फेटा उतरवतात, आई डोक्यावर पदर घेते. पोळीला जुळवायला ते नाव नाही."

हसणं थांबलं. "नाव नही ते मी सकाळे सोनगीरले जास," ती म्हणाली. आणि ती जाणारी बाई होती. एका बाजूला आईच्या जागी असलेली बाई, दुसऱ्या बाजूला सकाळीच जिचा हात धरला ती. मी नवरीला म्हणालो, "म्हण ना गं, एवढं काय त्यात?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्यालाच म्हणाली, "सकाळी पाळकसाहेबांनी तुमच्या मालकांचं नाव विचारलं. तुम्ही घेतलंत का?"

"मी कसं लिसू? मना धनी शे तो!"

"मग प्रभू कोण आहे, आत्याबाई?"

पलीकडच्या घरात चुलीवर काहीतरी करपल्याचा वास आला, पण एकही बाई हलली नाही. आत्या परातीकडे बघत राहिली. नवरीही परातीकडेच बघत होती. मग एकदम म्हणाली:

"फैजपूरची केळी, सोनगीरची परात..." आणि पुढं माझं नाव, रावासकट, "...यांचं नाव घेते, येऊ द्या मला घरात."

सोनगीर ऐकलं आणि आत्याचा ओठ हलला. आधी तिनं हसू दाबलं, मग दाबवेना. "चाट शे पोरगी, भलती हुशार," ती बायांना म्हणाली. खाली बसून तिनं स्वतःच्या हातानं नवरीचे पाय धुतले. "ये माय, घरमा ये."

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. मिरच्या सांडायच्याच, बकरी सुटायचीच. ती "येशू..." म्हणायला तोंड उघडायची, मध्येच थांबायची, पदर शोधून डोक्यावर घ्यायची आणि मग "प्रभू येशू" म्हणायची. तोवर बकरी गल्लीच्या टोकाला. आम्ही हसायचो, पण तिनं ते सोडलं नाही.

बायकोनं माझं नाव त्या दिवसानंतर पुन्हा घेतलं नाही. "अहो" वर सगळा संसार झाला. मीही तिला "अगं"च म्हणत आलो. ती गेली तेव्हा मातीला आलेले लोक प्रभूनं नेलं, प्रभूनं नेलं, असं बोलत होते आणि मध्येच चहाला साखर मागत होते.

रोज दिवेलागणीला मी टोपी काढतो आणि प्रभू येशूचं नाव घेतो. एकदाच. मग तिचं नाव घेतो, जे मी तिच्या तोंडावर कधी घेतलं नाही. तेही टोपी हातात ठेवूनच.