अंतर ठेवून चालणारं घर

चामोर्शीच्या आठवडी बाजाराला हे कुटुंब निघालं की पुढं अश्वजित, बरंच मागं त्याची बायको सत्यशीला आणि तिच्याही मागं पिशवी सांभाळत मुलगी दिव्यानी. तिघांच्या मधून एकेक बैलगाडी सहज जाईल एवढं अंतर. भाजीवाल्या बायका कुजबुजायच्या, पोलिसात लागला म्हणून डोक्यात हवा गेली, बायको-पोरीसोबत चालायची लाज वाटते.

खरं सांगायचं तर सत्यशीलालाही आधी तसंच वाटलं होतं. अश्वजित जंगलातल्या पथकातून बदलून इथल्या ठाण्यात आला, तेव्हापासून रस्त्यानं कुणी जवळ आलं की खेकसायचा. एकदा दिव्यानीनं त्याचं बोट धरलं, तर त्यानं ते झटकून टाकलं. पोर रडत घरी आली आणि सत्यशीलानं माहेरी जायला बॅग भरायला घेतली.

नेमकी तेव्हाच माधवी आली. तिचा नवरा त्याच पथकातला.

"बाई, जंगलात हे लोक एकामागं एक, दूरदूर चालतात," ती म्हणाली. "सुरुंग फुटला तं एकच जावा, सगळे नाई. यांच्यातला अमर सुरुंगात गेला, त्या दिवशी तुह्या नवऱ्यानंच त्याले पाणी मागाले जवळ बोलावलं होतं. तुले सांगितलं नाई का?"

नव्हतं सांगितलं. सत्यशीलानं बॅग रिकामी केली.

त्या दिवसापासून या बाईनं जे केलं, त्याला माझ्याकडे कौतुकाशिवाय शब्द नाही. बाजारात कुणी टोमणा मारला की ती हसून म्हणायची, "मलेच हळू चालनं होते." सासरच्यांची बोलणी तिनं खाल्ली. मनाच्या डॉक्टरकडे यायला नवरा तयार होईना, तेव्हा ती आधी एकटीच जाऊन बसली. पुढं लाजेकाजेनं का होईना, तोही यायला लागला. दिव्यानीला मात्र तिनं बजावलं होतं, "बाबापासून दूर चालायचं. त्याले बरं वाटते." तिथं तिचं चुकलं, पण तेव्हा कळलं नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला अश्वजित पहिल्यांदाच आला. नाच संपला, पोरं धावत सुटली, आपापल्या आईबापांना बिलगली. दिव्यानीही धावत आली आणि मध्येच थबकली. मधून बैलगाडी जाईल एवढ्या अंतरावर पोर शहाण्यासारखी उभी राहिली.

"बाबा, मी दूरच आहो," ती म्हणाली. "तुम्ही भेऊ नका."

सत्यशीलाला आता उमगलं. पोरीला आपण हे काय शिकवलं? नवऱ्याला जपता जपता तिनं लेकीचा बाप तोडला होता. पण तिनं पोरीला हाक मारली नाही. ती नवऱ्याकडे वळली.

"पोरगी नाई येनार आता," ती हळूच म्हणाली. "मीच तिले तसं शिकवलं. तुमालेच जावं लागन."

अश्वजितचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं आधी पायाखालची माती पाहिली, मग एक पाऊल टाकलं, थांबला, पुन्हा टाकलं. आजूबाजूचे लोक बघत होते. सत्यशीलानं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की सगळे दुसरीकडे बघायला लागले.

तो पोरीपर्यंत पोचला आणि त्यानं हात पुढं केला.

दिव्यानीनं तो लगेच धरला नाही. तिनं आधी आईकडे पाहिलं, धरू का म्हणून.