खालच्या मजल्यावरची आत्या

आधी माफी मागतो. वकिलीबद्दल लिहावं असा माझा काही अधिकार नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच, आणि कोर्ट पाहिलं ते फक्त सहा आठवडे. पण त्या ऑफिसवरचा राग अजून उतरत नाही, आणि तोंडानं सांगायला गेलो की मी अडखळतो. म्हणून लिहितो.

आमच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे. सही-शिक्क्याचा दाखला आला नाही तर विषय राहतो. विषय राहिला की बी.ए. राहतं, आणि मग लॉचा प्रवेशही. मला वकील व्हायचं होतं. नांदेडच्या एका मोठ्या वकिलांच्या दारात तीन खेपा घातल्या, तेव्हा म्हणाले, "ये उद्यापासून. काही विचारायचं नाही."

ऑफिसातल्या खुर्च्या पक्षकारांच्या. मी उभा. पहिल्याच दिवशी तिथल्या ज्युनियर वकिलानं विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "फायली लावून राहिलो, सर." झालं. माझी गावाकडची बोली त्यांना सापडली. तेव्हापासून, "ए राहिलो, पाणी आण." "राहिलो, तू जज होऊन राहिला का?" सगळे हसायचे. साहेबही हसायचे, ते जास्त लागायचं.

शेवटच्या आठवड्यात एक तारीख होती. आमच्या पक्षकारानं आपल्या विधवा चुलतीवर घराच्या जागेचा दावा लावला होता. मागच्या तारखेला ती आली नव्हती. आजही आली नाही, तर दावा एकतर्फी चालवायचा हुकूम मागायचा होता. त्या दिवशी हा दावा ज्यांच्यासमोर होता, ते खालच्या मजल्यावरचे न्यायाधीश रजेवर होते आणि त्यांचं काम वरच्या मजल्यावरच्या कोर्टाकडे दिलं होतं. साहेब पक्षकाराला म्हणाले, "आली तरी खालीच बसेल ती. काळजी करू नको."

मला झेरॉक्सला खाली पाठवलं. बंद दाराशी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती.

"लेकरा, हे दार कवा उघडतंय?" तिनं समन्सचा कागद पुढं केला. त्यावरचा नंबर माझ्या बगलेतल्या फायलीचाच होता. मी फाईल पाठीमागे धरली.

"कोन्या गावचा रे तू?"

मी अहमदपूरजवळच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं.

"आगं बया! माझं माहेर की ते! मंग आत्या लागते मी तुझी."

आमच्याकडे गावची लेक म्हणजे अख्ख्या गावाची आत्या. भावकी बघत नाहीत. ती भेटली की पाया पडायचं. माझे हात आपोआप खाली गेले. पायाला हात लावल्यावर 'मला माहीत नाही' कसं म्हणायचं?

"आत्या, कोर्ट वर गेलंय. चला."

जिना चढेस्तोवर पुकारा झाला होता. ती दारातूनच ओरडली, "हाजर हाय, साहेब!" न्यायाधीशांनी विचारलं, वकील कुठे आहे? "वकील न्हाई. ह्या भाच्यानं आनलं मला वर," असं म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं. तिला वकील लावायला पुढची तारीख मिळाली.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "फाईल माझी, अन् हात तिचा धरतोस?"

"सर, आत्या लागते..."

"आता कोर्टभर ह्याच्या आत्या-मावश्या निघतील," ज्युनियर म्हणाला.

"तुझ्यासारख्यांनी शेतीच करावी," साहेब म्हणाले. "दाखला विसर."

त्यांचं एक म्हणणं खरं आहे. त्यांच्या ऑफिसात राहून मी समोरच्या बाजूला मदत केली. वकील असतो तर ती चूकच ठरली असती, आणि शिकाऊ होतो म्हणून नसेल असं मी म्हणत नाही. पण एक म्हातारी बंद दाराशी बसून राहील, यावर ज्यांची मदार होती त्यांनी मला शेतीचा सल्ला देऊ नये.

उरलेले तीन दिवस मी गेलो. आत कुणी घेतलं नाही, तर व्हरांड्यात उभा राहिलो. नंतर दाखल्यासाठी दोनदा गेलो. कारकून मान वर न करता म्हणायचा, "साहेब कामात आहेत." लॉच्या प्रवेश परीक्षेत मला चांगले गुण पडले होते. वडील रोज विचारायचे, "आला का रे तुझा कागद?" मी म्हणायचो, "येऊन राहिला."

अहमदपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असताना आमच्या प्राध्यापकांचा फोन आला.

"तुझ्या वकीलसाहेबांना मी दोनदा फोन केला होता. दाखला पोस्टानं आलाय. तास पूर्ण लिहिलेत. सही आहे, शिक्का आहे. खाली शेरा आहे, 'विरुद्ध पक्षकारास स्वतः हाताला धरून न्यायालयात आणले.' काय रे हे?"

"सर, ती आत्या लागते..."

"बरं, राहू दे," ते म्हणाले. "शेऱ्याला गुण नसतात. पास आहेस तू."