करवतीवरचं तळं

आमच्या गल्लीत त्याला सगळे शिखरशेठ म्हणतात. धंदा दाढी-कटिंगचा. दुकानात खुर्च्या दोन, त्यातली एक कायमची डावीकडे कललेली. शेजारी माझं शिवणाचं दुकान. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे तिकडे कोणी शिंकलं की इकडे माझी शिलाई वाकडी होते. सांगायचा मुद्दा, त्याच्या थापा माझ्याइतक्या कोणीच ऐकलेल्या नाहीत. फक्त त्या थापा आहेत हे मला फार उशिरा कळलं.

बस जिथे संपते त्याच्याही पुढे एक डोंगर आहे. त्याचा माथा म्हणजे लांबलचक दातेरी धार, म्हणून त्याला करवत म्हणतात. दर सुट्टीला शिखरशेठ डबा घेऊन करवतीवर जायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून काय काय दिसतं ते गिऱ्हाइकांना सांगायचा. एक निळंशार तळं, त्याच्या काठी पांढरी घरं, मागे डोंगरांच्या सात रांगा आणि हवा स्वच्छ असली तर समुद्राची रेघ. खुर्चीत मासेवाला असला की तळ्यात होडी यायची, गवंडी असला की घरांवर एक मजला चढायचा. गळ्यावर वस्तरा असताना वाद घालायला कोण बसलंय? सगळे माना डोलवायचे, तेवढ्याही जपूनच.

पण हे सगळं गिऱ्हाइकांसाठी नव्हतंच. ते होतं अक्कासाठी. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच याला वाढवलं. हा धंदा शिकत होता, तेव्हा ती फुगे फुगवून, त्यांना साबण फासून त्याच्यापुढे धरायची. फुगा न फुटता फेस निघाला की वस्तरा हाताला बसला म्हणायचं. कितीतरी फुगे तिच्या तोंडावर फुटले. पुढे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि ऑपरेशनच्या धास्तीनं तिनं तो तसाच वाढू दिला. दुकानातल्या बाकावर बसून ती चाचपत टॉवेलांच्या घड्या घालायची आणि विचारायची, काल तळं कसं होतं रे? की हा सुरू. ऐकताना तिचा चेहरा असा खुलायचा की मीही मशीन थांबवून ऐकत बसायचो.

शेवटी शिखरशेठच्या बायकोनं नणंदेला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. ऑपरेशनं झाली आणि अक्काला लख्ख दिसायला लागलं. दुकानात आल्या आल्या तिनं आरशावरचे डाग काढले, भावाच्या कटिंगमधल्या चुका काढल्या आणि मला म्हणाली, आवाजावरून तुम्ही बरे वाटत होता. मग भावाकडे वळून म्हणाली की आता मला करवतीवर घेऊन चल.

शिखरशेठच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघा धरलाय, बस बेभरवशाची, वाट निसरडी, सगळी कारणं सांगून झाली. अक्का काटक बाई, आयुष्यभर बाजार पायी केलेला. तिनं एकही कारण टिकू दिलं नाही. त्यात मी तेल ओतलं. म्हटलं, मीही येतो, एवढी वर्षं ऐकलंय तर एकदा बघू तरी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्या आठवड्यात दाढी मी घरीच केली.

सकाळच्या पहिल्या बसनं निघालो. आधी झुडपांतून चढ, मग मोकळं गवत, मग नुसता खडक. अक्का पुढे, मी मध्ये धापा टाकत आणि आमचा वाटाड्या सगळ्यांत मागे. माथ्याच्या जरा अलीकडे एक सपाट शिळा आहे. समोर भिंतीसारखा खडक उभा, त्यामुळे पलीकडचं काहीच दिसत नाही. शिखरशेठ सवयीनं त्या शिळेवर बसला आणि डबा उघडायला लागला. वाट खडकाच्या कडेनं पुढे जात होती, पण तिथे करवत अगदी चिंचोळी झाली होती. रुंदी माझ्या इस्त्रीच्या टेबलाएवढी आणि दोन्ही बाजूंना सरळ दरी.

तळं कुठाय, अक्कानं विचारलं. वारा फार आहे, जरा दम खा, असं काहीबाही तो पुटपुटत होता, तेवढ्यात त्या चिंचोळ्या वाटेवरून दोन तरुण पोरं बागेत फिरावं तशी चालत आली. शिखरशेठला पाहून ओळखीचं हसली.

"काय काका, आज तरी येणार का पलीकडे? की दर वेळेसारखं इथूनच परत?"

पोरं खाली उतरून गेली. डब्याचं झाकण शिखरशेठच्या हातातच राहिलं.

"तू कधीच पलीकडे गेला नाहीस?" अक्कानं विचारलं.

"नाही."

"मला दिसत नव्हतं, म्हणून काहीही खपवलंस?"

"तसं नाही गं. मला भीती वाटते. तिथे पाऊल टाकलं की पाय लटपटतात. पहिल्यांदा तू इतक्या हौसेनं विचारलंस, मी एक तळं सांगून टाकलं. मग ते आटवता येईना."

मला हसू आवरेना, पण अक्का दुखावली होती. इतकी वर्षं तिनं जे मनात जपलं, ते तिच्याच भावानं रचलेलं निघालं. आता तुझं कुठलं बोलणं खरं मानू ते सांग, असं तिनं त्याला तोंडावर विचारलं. ती तडक उठली, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्या वाटेवरून तरातरा पलीकडे गेलीसुद्धा. संताप माणसाला कुठेही नेऊन सोडतो, परत आणायचं मात्र बघत नाही. मी वाटेच्या तोंडाशी धावलो, तर पलीकडच्या खडकावर पोचून तिनं एकदा खाली पाहिलं, मटकन बसली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मला न्यायला ये रे, अशी तिची बारीक हाक आली.

मी पुढे व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, पण पाय ऐकेनात. शिखरशेठनं माझ्याकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं, डबा बाजूला ठेवला आणि वाटेवर चक्क घोड्यावर बसावं तसा बसला. एक पाय एका दरीत, दुसरा दुसरीत, अशा थाटात हातांवर जोर देत तो इंच इंच पुढे सरकू लागला. मध्येच थांबून त्यानं वारा, डोंगर, ती पोरं आणि मी, सगळ्यांचा उद्धार केला. त्याची पँट नंतर माझ्याकडेच आली. रफू करावं असं त्यात मागच्या बाजूला काही उरलेलं नव्हतं.

तो पोचला, अक्काला खेटून बसला आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला. दोघांच्या पाठी मला दिसत होत्या. वारा माझ्या दिशेनं येत होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"डोळे उघड, अक्का."

"नाही उघडत. आधी तू सांग काय दिसतंय. आणि खरं सांग."

ज्याची जीभ वस्तऱ्यापेक्षा जोरात चालायची, तो आधी नीट बघून घेऊ लागला. मग तो हळूहळू सांगायला लागला. तळं नाही. समुद्र तर नाहीच नाही. डोंगर आहेत, एकामागे एक, पण किती ते धुक्यात कळत नाही. कडा असा तुटलाय की एक घार आपल्या खालून उडतेय, तिची पाठ दिसतेय. पार तळाशी एक नदी आहे, अर्धी कोरडी. एक पत्र्याचं घर आहे, बाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेत. ढगांच्या सावल्या डोंगरांवरून सरकतायत, एक आत्ता त्या घरावर आली. इतकी वर्षं तो ज्या रानात वाटेल ते पेरत होता, ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

"एवढंच?"

"घराशेजारी एक शेळी आहे. पांढरी, ठिपक्याएवढी."

अक्कानं डोळे उघडले असावेत, कारण तिची मान हलली. आधी खाली, घारीकडे. मग नदीकडे. मग दोरीवरच्या कपड्यांकडे. एकेक गोष्ट ती ताडून बघत होती आणि शिखरशेठची मान तिच्याकडे वळलेली होती.

"शेळ्या दोन आहेत," अक्का म्हणाली. "बाकी सगळं खरं सांगितलंस."