आतोबांच्या गाडीवरचा डाग

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्याएवढा डिंकाचा हाडवैरी अख्ख्या रत्नागिरीत झाला नसेल. एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर त्यांनी मुंबईहून एक जुनी राखाडी फियाट आणली आणि तिच्या रंगाला ते तळहातावरच्या फोडासारखं जपू लागले. पण कुणी लग्नासाठी गाडी मागितली, तर नाही म्हणायचा स्वभाव नव्हता. लग्नाची गाडी म्हटली की वधूवरांची नावं, पताका, झिरमिळ्या आल्याच. त्या कशाने चिकटवल्या यावरून आतोबा माणसाची पारख करत. कणकेची खळ वापरणारे खानदानी, चिकटपट्टीवाले उथळ, आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन फासणारे सरळ सरळ गुन्हेगार. देवरूखच्या एका लग्नात नवरी निघायच्या वेळेस त्यांना बॉनेटवर चिकटपट्टीचा डाग दिसला, आणि हे गृहस्थ खोबरेल मागवून तो पुसत बसले. नवरदेवाचे वडील तणतणले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "अर्ध्या तासात सासर कुठे पळून जातंय?" रडणाऱ्या बायकासुद्धा हसायला लागल्या.

डाग काढायची त्यांची रीत ठरलेली. कोवळ्या उन्हात गाडी उभी करायची, पत्रा जरा ऊबदार झाला की डागावर खोबरेल लावून तासभर गप्प बसायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्याने, अंगठ्याच्या पोटाने, गोल गोल चोळायचं. फारच हट्टी असेल तर थेंबभर रॉकेल. ब्लेड वर्ज्य. मी एकदा नुसतं नख लावलं, तर ओरडले, "मेल्या, गाडी आहे ती, करपलेलं पातेलं नव्हे!" पुढे त्यांनीच मला शेजारी बसवून ते काम नीट शिकवलं.

त्यांचा एकुलता मुलगा सुधीर बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून नांगराच्या आकाराचं स्टिकर आणलं आणि वडील दुपारचे झोपलेले बघून ते डिकीवर चिकटवून टाकलं. आतोबांनी घर डोक्यावर घेतलं. "परत आलो की मीच काढीन, तुम्ही हात नाही लावायचा," असं हसत सांगून सुधीर गेला. चार महिन्यांनी खबर आली. वादळात तो समुद्रात पडला होता, सापडला नव्हता. आत्याने रडून घेतलं. आतोबा मात्र मुलाचे दिवस करायला तयार होईनात. "सापडला नाही म्हणतायत ना? गेला असं कुठे म्हणतायत?" एवढंच बोलायचे. स्टिकरचा कागद दोन पावसाळ्यांत विरून गेला आणि मागे धूळ धरून काळा पडलेला नांगराचा चिकट डाग उरला. दुनियेचे डाग काढणारा हा माणूस गाडी धुताना तेवढी जागा सोडून पुसायचा. रोज सकाळी तिथे जाऊन उभा मात्र राहायचा.

एके दिवशी आत्या मला म्हणाली, "तू तरी पूस रे तो. त्याच्याकडे बघत बसतात नि घास गिळत नाहीत. डाग गेला तर डोक्यातनंही जाईल कदाचित." मला ते पटलं, याची आज लाज वाटते. आतोबा एस्टीने देवरूखला गेले होते, त्या दिवशी मी त्यांच्याच रीतीने, जराही घाई न करता, तो डाग काढला. त्यांची पावलं वाजली तेव्हा मी मागीलदारी हात धूत होतो; तसाच पुढच्या खिडकीशी आलो.

फाटकातून आत येताना आतोबा गाडीपाशी थबकले. डिकीवरून एकदा तळवा फिरवला. त्यांचा चेहरा इतका उजळला, की तसा मी तो कधी पाहिला नव्हता. चपलांसकट ते ओटीवर चढले आणि घरात हाक मारली, "अगो, कधी आला? झोपलाय का?"

आत्या दाराची चौकट धरून उभी राहिली. शेवटी मीच पुढे झालो. "मी पुसला, आतोबा."

बराच वेळ ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग पायरीवर बसून त्यांनी चपला काढल्या. "ओरखडा नाही हो उठू दिलास," म्हणाले. "काम चांगलं केलंस."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपणहून गुरुजींना बोलावून सुधीरचं सगळं क्रियाकर्म करायचं ठरवलं. नातेवाईक म्हणाले, बरं झालं, सुटले एकदाचे. मला मात्र अजून वाटतं, त्या संध्याकाळी त्यांनी मला चार शिव्या तरी द्यायला हव्या होत्या.