बांधावरचं गवत

मला सूड घ्यायचा होता आणि मी तो घेतला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

ज्याच्यावर घेतला तो माझा चुलत भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. त्याचे आईबाप पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला उचलून घरी आणलं. वडिलांना आम्ही दोघंही तात्या म्हणायचो. माझ्या आधी त्यांच्या खांद्यावर तो बसला होता, आणि हे मला लहानपणापासून खुपायचं. त्याचं लग्न झाल्यावर तात्यांनी त्याच्या बापाची जमीन त्याच्या हवाली केली आणि तिथून आमची भाऊबंदकी सुरू झाली.

आमचं रान ओतूरच्या अलीकडे, मांडवी नदीच्या काठाला. त्याच्या आणि आमच्या रानामध्ये एक रुंद, गवताळ बांध होता. तो म्हणे बांध माझ्या बापाचा. मी म्हणे, तुझा बाप मेला तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं, तुला काय ठाऊक? माझं तोंड हे असं. एकदा भर शिवारात मी त्याला म्हणालो, "आमच्या ताटात गिळून मोठा झालास आणि आमचाच बांध मागतोस?" तेव्हा तो संतापून म्हणाला, "बघशील! तुजी दावण रिकामी व्हईल." दहा माणसांनी ते ऐकलं.

त्या काळी मी पुण्यात नोकरीला होतो. प्लेग येऊन काही वर्षं झाली होती, आणि जिकडंतिकडं जंतूंचं बोलणं चालू होतं. मराठी शाळेची शेवटची परीक्षा पास म्हणून मला जनावरांच्या रोगांवर शोध करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत घेतलं. बाटल्या उकळायच्या, गिनीपिगांना पाला घालायचा आणि डॉक्टर सांगतील ते वहीत उतरवायचं. डॉक्टर आपलेच, देशावरचे, पण कामात असले की कुणाशी बोलत नसत.

घरी तात्यांनी एकाच गाईचे तीन खोंड वाढवले होते, तिघं पाठचे भाऊ. लेकरांना जपावं तसं त्यांना जपत. एका श्रावणात तात्या भीमाशंकरला निघाले तेव्हा थोरल्याला त्यांनी पहिल्यांदाच गाडीला जुंपलं. आंबेगावच्या पुढं घोड नदीच्या काठी त्याला चरायला सोडला होता. परत आल्यावर चौथ्या दिवशी तो मागच्या पायानं लंगडू लागला, मांडी सुजली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेला.

आमच्या घराण्याची एक रीत होती आणि मला तिचा लई अभिमान होता. घरी जन्मलेल्या बैलाचं कातडं आम्ही काढू द्यायचो नाही. त्याला हळदकुंकू लावून आपल्याच रानात पुरायचं. आणि पुढच्या पोळ्याला त्या जागेवरचं हिरवं गवत त्याच्या पाठच्या भावांना घालायचं, त्याचा जोर त्यांच्या अंगात यावा म्हणून. थोरल्याला कुठं पुरायचं असं तात्यांनी विचारलं, तेव्हा मी लगेच म्हणालो, "बांधावर." आमचा बैल जिथं पुरला तो बांध आता दादा कसा मागतो ते बघायचं होतं. खाली मुरूम लागला. खड्डा धड कमरेइतकासुद्धा झाला नाही, पण मी तसाच बुजवायला लावला.

पुढच्या पोळ्याला मी रजा काढून घरी आलो. बांधावर गवत असं माजलं होतं की बघत राहावं. पावसानं माती भिजलेली, विळा मारला की गवत मुळासकट हातात येत होतं. मी माझ्या हातानं ते दोघांना भरवलं. तिसऱ्या दिवशी मधला लंगडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा. सुजेवर बोट दाबलं की आत वाळका पाचोळा चुरल्यासारखा आवाज यायचा. दोघंही गेले. आमच्या गोठ्यात फक्त एक कालवड उरली.

फऱ्या नावाचा रोग असतो हे ऐकून होतो, पण तो आमच्या शिवारात कुणी पाहिलेला नव्हता. शिवाय शेजारच्या एकाही जनावराला काही झालं नाही. रोग असा घर बघून येतो होय? दावण रिकामी होईल म्हणणारा माणूस बांधापलीकडं जिवंत होता, त्याची जनावरं जिवंत होती. त्यानं पिठाच्या गोळ्यात सोमलाचं विष घातलं, दुसरं काही नाही!

तात्या आधी ऐकेनात. "त्यो असं करायचा न्हाई. माज्या मांडीवर वाढलाय," एवढंच म्हणत. मी पण हट्टाला पेटलो. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या कानाशी तेच. आठ दिवसांत म्हातारा खचला. दादा भेटायला आला, दारात उभा राहून म्हणाला, "तात्या, तुमची आण, मी न्हाई केलं." तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर ते त्याच्या घरचं पाणी प्यायले नाहीत.

मी पाटलाकडं गेलो. पाटील म्हणाला, "नुसतं बोलून काय उपेग? पुण्याहून कागद आण. इख निघालं म्हंजी फौजदाराला मी बोलावतो." धाकट्याच्या मांडीचा तुकडा मी आधीच कापून बाटलीत ठेवला होता. पुण्याच्या वाटेवर टांग्यात बाटली मांडीवर घेऊन बसलो आणि दादाला बेड्या घालून जुन्नरच्या कचेरीत नेताना मनातल्या मनात दहा वेळा पाहिलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी सोमल शोधला. नव्हता. मग मांस वाटून एका गिनीपिगला टोचलं. ते दुसऱ्या दिवशी मेलं, मांडी तशीच काळी, आत तसाच आवाज. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. काड्याच काड्या दिसल्या, काहींच्या पोटात एकेक चकचकीत ठिपका.

"हे फऱ्याचे जंतू," ते म्हणाले. "हवा लागली की यांची वाढ थांबते. म्हणून तर खोल मांसात वाढतात. आणि तो ठिपका म्हणजे बी. ते मातीत वर्षानुवर्षं मरत नाही."

"म्हणजे विष नाहीच?"

"विष आहे की. पण ते हे जंतूच तयार करतात." त्यांचं तर तेच काम चाललं होतं. हवा काढून टाकलेल्या नळीत मांसाच्या रश्शावर ते हे जंतू वाढवत, मग रस्सा बिनझिलईच्या मातीच्या नळीतून गाळून घेत. जंतू वर राहत आणि खाली निवळशंख पाणी येई. त्या पाण्यात एकही जंतू नसताना ते जनावराला किती बाधतं, हे ते महिनोन् महिने ताडून बघत होते. इतके दिवस त्या बाटल्या मीच धूत होतो.

मग त्यांनी विचारलं, "पहिलं जनावर कुठं पुरलं?" मी सांगितलं. पोळ्याच्या गवताचंही सांगितलं. त्यांनी टाक खाली ठेवला. "अरे, मग तूच भरवलंस की त्यांना."

त्यांनी गावासाठी मराठीत कागद लिहून दिला. हा रोग आहे, यात कुणा माणसाचा हात नाही. बांधाला काटेरी कुंपण घालावं, गवत जाळावं, तिथं जनावर चारू नये. कालवडीसाठी लशीची पूडही दिली.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली चीड. दादा सुटत होता आणि त्याच्या जागी मी उभा राहत होतो. हे होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. कालवडीला शेपटीच्या टोकाशी लस टोचली, आणि पाटलाला सांगितलं, "कागद अजून आला नाही." कागद माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली होता.

आणि मग मला एक युक्ती सुचली. दसऱ्याला सोनं द्यायला सगळं गाव मारुतीच्या देवळापुढं जमतं, जुनी भांडणं मिटवायचा तो दिवस. मी आपट्याची पानं घेऊन सगळ्यांदेखत दादाकडं गेलो. म्हणालो, "तू काय केलंस ते तुझ्याजवळ. पण बांध तुझा. आजपासून मी त्यावर पाय ठेवणार नाही." गाव थक्क झालं. म्हातारी माणसं माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "याला म्हणत्यात मन!" दादाला रडू फुटलं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मला फक्त त्याची दोन पाणीदार खोंडं दिसत होती.

थंडी गेली. दिवाळीला, संक्रांतीला मी घरी आलो की आधी त्याच्या गोठ्याकडं बघायचो. खोंडं धष्टपुष्ट. अजून कसं काही होत नाही, म्हणून माझा चडफडाट व्हायचा. 'त्या बांधावरचं कापू नको' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द, पण ते मी बोललो नाही.

चैत्रात तात्या अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी दुपारी मी उशाशी बसलो होतो. दादा बाहेर ओट्यावर होता, आत यायची त्याला मी बंदी केली होती. तात्यांनी एकाएकी डोळे उघडले आणि विचारलं, "खरंच त्यानंच केलं का रं? मला न्हाई वाटत."

मी म्हणालो, "दुसरं कोण करणार, तात्या?"

दिवेलागणीला ते गेले. दादानं तिरडीला खांदा द्यायला हात पुढं केला, तो मी चारचौघांत झटकला.

पाऊस लागला आणि पंधरा-वीस दिवसांत माझ्या मनासारखं झालं. ते मला कळलं ते असं. एका सकाळी मी प्रयोगशाळेच्या अंगणात बाटल्या वाळत घालत होतो. फाटकाशी दादा उभा. नारायणगाव, मंचर, खेड करत तीन दिवस चालत आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात फडक्यानं तोंड बांधलेला लोटा, वास इथवर येत होता. मला वाटलं, रडायला आला. बरं झालं, रड!

तो हसत होता. खरंच सांगतो, हसत होता.

"माजी दोनी गेली," तो म्हणाला. "तशीच सूज, गड्या! दाबलं की तसंच वाजतंय. मी काय माज्याच खोंडांस्नी इख घालीन व्हय? तू हितं असलं तपासतोस ना? हे मांस घे. साहेबाचा कागद करून दे. तात्यांच्या वर्षश्राद्धाला भाऊबंदांस्नी दावतो, मग तरी मला पाणी सोडू देशील का न्हाई?" मी बाटल्यांकडं वळलो तेव्हा तोच मला धीर देऊ लागला. "बैलांचं काय न्हाई रं. तू मला गुन्हेगार समजत असताना बांध दिलास, माज्या मनाला काय वाटलं ते तुला कळायचं न्हाई."

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. लोट्यात डोकावले, कुठलं गाव ते विचारलं, आणि माझ्याकडं वळून संतापले. "फऱ्याच हा! त्याच बांधावर चारलं ना? गेल्या वर्षी कागद लिहून दिला होता, कुंपण घाला म्हणून. यात माणसाचा हात नाही, असंही लिहिलं होतं. गावात वाचून नाही दाखवलास?"

दादा माझ्याकडं बघत राहिला. बांधाचं त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ते आलं तेव्हा त्याचं तोंड कसं झालं ते मी बघितलं, पण त्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. त्याला दुसरंच विचारायचं होतं.

"त्या दिशी मी ओट्यावर व्हतो," तो म्हणाला. "तात्या तुला इचारत व्हतं ते मी ऐकलं. तू काय बोललास तेबी ऐकलं. तवा तुला ठावं व्हतं?"

"होतं," मी म्हणालो.

डॉक्टर गडबडले. काहीतरी भलतंच होतंय एवढं त्यांना कळलं असावं. म्हणाले, "अहो, बसा जरा. मी आत्ता दुसरा कागद लिहून देतो."

"नगं साहेब," दादा म्हणाला. "ज्यांस्नी दावायचा व्हता ते गेलं."

तो आला तसा फाटकातून निघून गेला. लोटा तिथंच राहिला होता. त्यातलं मांस तपासायचं काम डॉक्टरांनी मलाच दिलं.